दाराचे तेलपाणी

पावसाळ्यात गंगा घाटांच्या पायऱ्या चढून वर येते आणि ओसरताना मागे गाळ ठेवून जाते. काशीत आश्विनाचे दिवस हा गाळ धुण्यात जातात. पायऱ्यांवर पाण्याचे झोत सोडले जातात, फावडी चालतात, आणि गेल्या वर्षीचा घाट पुन्हा हळूहळू दिसू लागतो. कार्तिक लागला की पंचगंगा घाटावर उंच बांबूंच्या टोकांना वेताच्या टोपल्या बांधून त्यांत आकाशदिवे चढवले जातात. पितरांना वाट दिसावी म्हणून हे दिवे लावायचे, अशी समजूत आहे. त्याच सुमारास दुर्गाघाटाच्या वरच्या अंगाला, दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने भिंतीला टेकून उभे राहावे अशा अरुंद गल्लीत, एका मराठी घराच्या दाराला तेल देण्याचे काम चालते. आकाशदिव्याची वात आणि दाराचे लाकूड, दोघेही तेल पितात. फरक एवढाच की वातीने प्यालेले तेल रात्रीतून संपते आणि लाकडाने प्यालेले वर्षभर पुरवावे लागते.

हे घर कोकणातून पेशवाईत इकडे आलेल्या एका वैदिक घराण्याचे. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा हा सारा परिसर एकेकाळी मराठी बोलीने गजबजलेला होता. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यापासून, ज्यातील गागाभट्टांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवराज्याभिषेक केला, ते अहिल्याबाईंच्या आणि शिंदे-भोसल्यांच्या बांधकामांपर्यंत काशीच्या घाटांवर महाराष्ट्राचा हात जागोजागी दिसतो. परंतु इतिहासाच्या ग्रंथांत नावे येतात ती देवळांची आणि घाटांची. घरांची नावे कोठे लिहिलेली नसतात. ती दारांवरून ओळखावी लागतात.

या घरातले वडीलधारे गृहस्थ अण्णा. वय ७८. बाहेरची माणसे त्यांना ‘पंडितजी’ म्हणतात, घरातली ‘अण्णा’. दार देवदाराचे आहे, हे त्यांना कोणी सांगितले नाही. ते त्यांना वासावरून कळले. वर्षभर उन्हापावसात करपलेल्या फळीवर काचकागद फिरवला की करड्या थराखालून पिवळसर तपकिरी लाकूड वर येते आणि गल्लीत एक कडवट-गोड, कापराच्या जवळ जाणारा वास पसरतो. साग असा दरवळत नाही, आणि या बाजूला सर्रास वापरले जाणारे साखूचे, म्हणजे सालाचे, लाकूड तर नाहीच नाही. काशीपासून शेकडो कोस दूर, हिमालयाच्या उतारांवर वाढणारे हे झाड. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गढवालात विल्सन नावाच्या एका इंग्रजाने टिहरीच्या राजाकडून जंगलाचा मक्ता घेतला, हर्षिलच्या आसपासचे देवदार तोडले आणि त्यांचे ओंडके भागीरथीच्या प्रवाहात सोडून हरिद्वारपर्यंत आणले. बरेचसे लाकूड रेल्वेच्या रुळांखाली गेले. त्यातलीच काही फळी पुढे काशीला आली असेल काय, हा प्रश्न अण्णांना आवडतो. उत्तराची त्यांना गरज वाटत नाही. गंगेने आणलेले लाकूड गंगेच्याच काठी दार होऊन उभे आहे, असे मानण्यात कोणाचे काही जात नाही.

देवदाराला काशीत मान आहे तो आणखी एका कारणाने. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त दुसऱ्या सर्गात शिवपार्वतीने पुत्रवत वाढवलेल्या एका देवदाराची कथा येते. रानहत्तीने गंडस्थळ घासून त्याची साल सोलली, त्यामुळे पार्वतीला दुःख झाले, आणि तेव्हापासून शिवाने तेथे राखणीसाठी एक सिंह नेमला. झाडाच्या रक्षणाची एवढी भव्य व्यवस्था संस्कृत साहित्यात फार थोड्या ठिकाणी असेल. दारावर मात्र सिंह नेमता येत नाही. तेथे माणसालाच जावे लागते.

आणि दाराचे शत्रू हत्तीपेक्षा चिकट असतात. वाराणसीच्या हवेत लाकडाला एका वर्षात तीन वेगवेगळे देश सोसावे लागतात. ज्येष्ठात लू वाहते, पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, आणि लाकडातला ओलावा इतका निघून जातो की फळ्यांच्या सांध्यांतून आतला चौक दिसू लागतो. आषाढ-श्रावणात तेच लाकूड हवेतले पाणी पिऊन फुगते. सकाळी सहज लागणारे कवाड संध्याकाळी खांदा लावून ढकलावे लागते. पौषात दाट धुके पडते आणि थेंब फळीवर दुपारपर्यंत बसून राहतात. लाकूड फुगते ते आडवे. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही. जुन्या सुतारांना हे चांगले ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी दाराच्या मधल्या फळ्या चौकटीच्या खाचेत सैल ठेवल्या, खिळे मारून जखडल्या नाहीत. ऊन आणखी एक काम करते, ते डोळ्यांना उशिरा दिसते. लाकडाच्या तंतूंना एकत्र धरून ठेवणारे जे द्रव्य असते ते सूर्यकिरणांतील अदृश्य भागाने विघटित होते, पावसाने धुऊन जाते, आणि मागे राहतो तो करडा, केसाळ थर. पृष्ठभाग असा सुटा झाला की पाणी आत शिरायला वाट मिळते. पाणी टिकून राहिले की बुरशी येते. देवदाराच्या गाभ्यात स्वतःचे सुगंधी तेल असते, त्यामुळे वाळवी आणि बुरशी त्याच्यापासून बरीच दूर राहतात. परंतु ते तेलही बाहेरच्या अंगाने वर्षानुवर्षे उडत जाते, आणि सालीलगतच्या फिक्या लाकडात तर ते मुळातच नसते. जुन्या दारांत बहुधा हा फिका भागच आधी जातो.

पूर हा वेगळाच विषय. १९७८ मध्ये गंगा वाराणसीत ७३.९०१ मीटरपर्यंत चढली होती. धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे, यावरून त्या वर्षीचा प्रकार ध्यानात यावा. त्या रात्री पाणी या घराच्या उंबरठ्याला लागले होते. अण्णा तेव्हा तिशीचे होते. त्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी कवाडे बिजागऱ्यांवरून उचलून वरच्या मजल्यावर नेली. माणसे मागाहून गेली. घरातल्या बायकांनी पुढे कितीतरी वर्षे याची आठवण काढून टोमणे मारले.

या दाराच्या आयुष्यात एक चूक झाली ती १९८९ साली. मुलाची मुंज होती, पाहुणे महाराष्ट्रातून यायचे होते, आणि दार काळेकरडे दिसत होते. तेल देण्याचे काम करणारे अण्णांचे वडील आदल्याच वर्षी गेले होते. रंगाऱ्याने सुचवले, आणि दाराला चकचकीत हिरवा तैलरंग लागला, दोन हात. सगळ्यांना तो आवडला. चार वर्षे दाराकडे कोणाला पाहावे लागले नाही. पाचव्या वर्षी खालच्या कडेला रंगाला फोड आले, सहाव्या वर्षी, म्हणजे १९९५ मध्ये, अण्णांनी एक फोड नखाने उचलला तेव्हा रंगाचा सबंध पापुद्रा सालीसारखा निघाला आणि त्याच्या मागे लाकूड नव्हते. ओलसर, विटकरी रंगाचा भुगा होता. बोट दोन पेरे आत गेले. वरून दार शाबूत आणि हिरवे होते.

कारण समजून घेतले तर साधे आहे. तैलरंग लाकडावर पातळ कवच धरतो. लाकूड ऋतूंबरोबर हलते, कवच काही काळ त्याच्याबरोबर ताणले जाते, पण उन्हाने कडक झाले की तडकते. केसासारख्या चिरेतून पाणी आत शिरते. आत आलेले पाणी बाहेर पडण्याची वाट मात्र त्याच कवचाने बंद केलेली असते. मुरणाऱ्या तेलाची रीत निराळी. ते पृष्ठभागावर बसत नाही. तंतूंच्या पोकळ्यांत उतरते, तेथेच घट्ट होते, पाण्याला दूर ठेवते, आणि तरीही लाकडातला ओलावा आतबाहेर होण्यास वाव राहतो. त्याला सोलण्यासारखा पापुद्राच नसतो. ते झिजते, फिके पडते, कोरडे दिसू लागते, आणि दारापुढून रोज जाणाऱ्याला ते दिसते. तैलरंग पाहण्याची गरज उरू देत नाही. तेल दर वर्षी पाहायला लावते. या दोन्हींपैकी कोणते चांगले, याचे उत्तर घरात कोण राहते यावर बरेचसे अवलंबून आहे.

१९९५ मध्ये सुताराने खालची आडवी पट्टी कापून नवी जोडली. देवदार मिळाला नाही. सागाचा तुकडा घातला. तो आजही रंगाने ओळखू येतो. त्या वर्षापासून अण्णांनी वडिलांची पद्धत पुन्हा धरली, मात्र ती आठवून आठवून जमवावी लागली. कोणी लिहून ठेवली नव्हती. पहिल्या खेपेस त्यांनी घरात होते म्हणून मोहरीचे तेल लावले. ते महिनाभर चिकटच राहिले, गल्लीतली सारी धूळ दाराने अंगावर घेतली, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बाह्या तेलकट झाल्या. देवळांच्या कवाडांवर भाविक मोहरीचे नाहीतर तिळाचे तेल घालतात, तेथेही हाच काळा राप दिसतो. मोहरी, खोबरे यांची तेले वाळत नाहीत. जवसाचे, म्हणजेच अळशीचे तेल वाळते. वाळते म्हणजे उडून जाते असे नव्हे. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि या क्रियेत त्याचे वजन उलट वाढते. बनारसी बोलीत अळशीला तीसी म्हणतात, आणि थंडीत तिचे लाडू घरोघर होतात. लाडवाचे आणि दाराचे धान्य एकच, ही गोष्ट अण्णांच्या पत्नीला फार गमतीची वाटे.

कामाचा क्रम आता ठरून गेला आहे. पाऊस संपल्यावर निदान तीन-चार आठवडे दाराला कोरडे होऊ द्यायचे. ओल्या लाकडात तेल शिरत नाही, उलट आतला ओलावा कोंडला जातो. ज्येष्ठातल्या उन्हात लावण्यातही अर्थ नाही. फळी तापलेली असली की तेल मुरण्याआधीच वर घट्ट होऊ लागते. कार्तिकातली सकाळ, ऊन गल्लीत उतरण्याआधीची, ही योग्य वेळ. आधी मऊ ब्रशाने गाळ आणि काजळी काढायची. मग काचकागद, तोही फार बारीक नको. अगदी गुळगुळीत केलेले लाकूड तेल कमी पिते. रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते उकळलेले अळशीचे तेल घ्यायचे आणि पहिल्या हातासाठी त्यात टर्पेंटाइन घालून ते पातळ करायचे, म्हणजे ते खोल जाते. त्यात वस्त्रगाळ केलेला गेरू मिसळायचा. हा गेरू शोभेपुरता नाही. नुसते तेल पारदर्शक असते, ऊन त्यातून थेट तंतूंपर्यंत पोहोचते. गेरूतले लोहाचे कण उन्हाला वरच अडवतात. परदेशात देवदाराच्या जातीच्या लाकडावर जी रंगीत मुरणारी तेले वापरतात त्यांतही हेच तत्त्व आहे, आणि त्यांत बुरशीनाशकही घातलेले असते. ते घालणे शहाणपणाचे. कारण नुसत्या अळशीच्या तेलावर बुरशी पोसते आणि दमट हवेत दारावर काळे ठिपके येतात. अण्णांनी हे दोन पावसाळे पाहिल्यावर औषधाच्या बाबतीतला हट्ट सोडला.

तेल सढळ लावायचे, पंधरा-वीस मिनिटे थांबायचे, जेथे प्यायले गेले तेथे पहिला हात ओला असतानाच आणखी द्यायचे, आणि शेवटी वर राहिलेले सगळे फडक्याने पुसून घ्यायचे. न पुसलेले तेल वर चिकट साय धरते, मग तैलरंगात आणि त्यात फारसा फरक राहत नाही. सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो फळ्यांच्या कापलेल्या टोकांना. झाडाच्या नळ्या तेथे उघड्या असतात. इतर पृष्ठभागाच्या कितीतरी पट तेल तेथे शिरते, आणि एरवी कितीतरी पट पाणीही. दाराची खालची कड दिसत नाही, म्हणून तिला कोणी तेल देत नाही, आणि दारे तेथूनच कुजतात. अण्णा त्यासाठी उंबरठ्यावर आडवे होतात. या वयातही.

ही विद्या त्यांच्या वडिलांची, त्यांच्या वडिलांना कोणाची, हे सांगता येत नाही. पण सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वज्रलेपाचे प्रकरण आहे. देवळे, वाडे, मूर्ती आणि भिंती यांना लावण्याच्या त्या लेपात कच्ची टेंबुर्णी आणि कवठ यांच्या काढ्यात घालावयाच्या द्रव्यांमध्ये सर्जरस, म्हणजे सालाची राळ, आणि अतसी, म्हणजे आपली अळशी, ही दोन्ही येतात. लेप गरम असताना लावावा असेही सांगितले आहे. त्याच्या टिकाऊपणाविषयी ग्रंथकाराने वर्षांचा जो आकडा दिला आहे तो कोणाही रंगविक्रेत्याला लाजवील. तो सोडून दिला, तरी राळ आणि तेल यांचा मेळ त्या काळी माहीत होता एवढे निश्चित.

तेल लावण्याच्या आदल्या दिवशी अण्णा ललिताघाटावर जाऊन येतात. तेथे नेपाळी मंदिर आहे. काशीत त्याला काठवाला मंदिर म्हणतात. नेपाळचा राजा रणबहादुर शाह १८०० ते १८०४ या काळात काशीत विजनवासात होता. पशुपतिनाथाच्या धर्तीवर देऊळ बांधण्याचा संकल्प त्याने येथे केला. परत गेल्यावर १८०६ मध्ये त्याची हत्या झाली आणि देऊळ त्याच्या पश्चात पुरे झाले. दगडी काशीत हे लाकडी देऊळ दोन शतकांच्या आसपास टिकले आहे. लाकडाची जात हे त्याचे एक कारण. परंतु अण्णा मान वर करून पाहतात ते छपराकडे. दोन टप्प्यांचे छप्पर भिंतींपासून खूप बाहेर आलेले आहे आणि त्याला कोरीव तिरप्या टेकूंनी धरले आहे. यात्रेकरू त्या टेकूंवरची मिथुनशिल्पे दाखवून एकमेकांना कोपराने ढोसतात. टेकू पावसाला भिंतीपासून हातभर दूर ठेवतात, हे मात्र कोणी दाखवत नाही. तेलाच्या आधी छज्जा, हा धडा येथे शिकण्यासारखा आहे. दुर्गाघाटच्या दारावर अण्णांनी २००३ मध्ये पत्र्याची एक साधी पडवी टाकली, ती हे पाहूनच. दिसायला ती वाईटच आहे. नॉर्वेत बोर्गुंड येथे बाराव्या शतकातले लाकडी चर्च उभे आहे. त्याची उतरती छपरेही अशीच एकावर एक आहेत, आणि त्यावर पाइनच्या झाडाचे डांबर पुन्हापुन्हा चढवले जाते. बर्फाचा मुलूख आणि लूचा मुलूख, दोन्हींकडे लाकडाने माणसाकडून मागितलेले एकच दिसते.

ललिताघाटाकडे जाण्याची वाट आता बदलली आहे. विश्वनाथ मंदिरापासून गंगेपर्यंतचे मोठे प्रांगण १३ डिसेंबर २०२१ रोजी खुले झाले. त्यासाठी आधीच्या वर्षांत शेकडो घरे विकत घेऊन पाडण्यात आली. आता तेथे श्वास घ्यायला जागा आहे, वृद्धांना आणि यात्रेकरूंना सोय झाली आहे, हे अण्णा मान्य करतात. त्या दिवसांत गल्लीगल्लीतून निघालेली दारे मात्र त्यांनी पाहिली होती. चौकटीसकट उपटलेली, भिंतीला उभी टेकवलेली, ज्यांच्या मागे आता काहीच नव्हते अशी. कित्येकांवर तैलरंगाचे सात-आठ थर होते. त्यांनी दोनचार दारांवर नख चालवून पाहिले. भंगारवाला हसत होता.

गेल्या कार्तिकात तेलाचे काम नेहमीपेक्षा उशिरा निघाले. मुंजीसाठी ज्याचे दार रंगले होते तो मुलगा पुण्यात असतो. आई गेल्यापासून त्याचा आग्रह वाढला आहे. फोनवर तो म्हणाला, “अण्णा, तुम्ही इकडे या. घराला कुलूप लावू. वर्षातून एकदा मी येऊन बघत जाईन.” अण्णा म्हणाले, “एकदा येशील ते कधी?” मुलगा म्हणाला, “मेमध्ये. मुलांना तेव्हाच सुट्टी असते.” अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मे महिन्यात फळी तापलेली असते, हे त्यांनी त्याला सांगितले नाही. मग मुलगाच म्हणाला, “दाराचंच मनात आहे ना तुमच्या?”

मिस्त्रीलाही ही बातमी कळली होती. काशीत कळतेच. तो डबा घेऊनच आला. “पंडितजी, जा रहे हैं तो एक बार पेंट मरवा लीजिए, दस साल की छुट्टी।” तो मनापासून बोलत होता. कुलूपबंद घराला दर वर्षी तेल कोण देणार, हा त्याचा प्रश्न खोटा नव्हता. अण्णांनी त्याला चहा दिला, सागाची पट्टी दाखवली, आणि डबा परत न्यायला सांगितला. जाताना त्यांनी त्याच्या मुलाला, जो बाहेर पायरीवर मोबाइल पाहत बसला होता, विचारले की उद्या सकाळी सहा वाजता येशील का. ब्रश धरायला माणूस हवा आहे. पोराने बापाकडे पाहिले. बापाने खांदे उडवले.

दुसऱ्या दिवशी पोरगा साडेसातला आला. वरच्या अर्ध्या भागाचे काम अण्णांनी एकट्यानेच उरकले होते. त्यांनी त्याला उंबरठ्यावर आडवे व्हायला सांगितले आणि खालच्या कडेला ब्रश कसा उलटा धरायचा ते दाखवले. “और दीजिए?” असे तो दर थोड्या वेळाने विचारी, आणि अण्णा म्हणत, “पीने दो.” टोके तेल पीतच राहिली. नऊच्या सुमारास ऊन गल्लीत उतरले तेव्हा दार ओल्या विटेच्या रंगाचे झाले होते आणि देवदाराचा वास तेलाच्या वासाखालून पुन्हा येऊ लागला होता. पोराने हात पुसले आणि फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला. अण्णांनी तो उचलायला लावला. अळशीच्या तेलात भिजलेली फडकी एकावर एक पडून राहिली तर वाळता वाळता आतल्या आत तापतात आणि आपोआप पेट घेतात, हे त्यांनी त्याला समजावून सांगितले. त्याचा विश्वास बसला नाही. तरी तो फडकी घेऊन घाटावर गेला आणि धुतलेल्या पायऱ्यांवर त्याने ती एकेक सुटी पसरली, कोपऱ्यांवर खडे ठेवून.